मेज, म्हणजे जादूगार, खरंच धोकादायक असतील तर त्यांना कोंडलं म्हणून बिघडलं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा की एका छोट्या टीमचा फँटसी आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचा कथेचा गेम, चाललाय, त्यात जादू घेऊन जन्मलेल्या पोरांना घरातून उचलून मनोऱ्यात कोंडतात, टीमच्या डोक्यात हे खऱ्या जगातल्या भेदभावाचं रूपक आहे, आणि पहिल्याच प्लेटेस्टला, म्हणजे गेम लोकांना खेळायला देऊन बघतात तेव्हा, एक टेस्टर म्हणाला, अहो पण ही पोरं झोपेत घर पेटवतात, मग कोंडलं तर बिघडलं कुठे? आता विचारणं असं आहे की मेजची ताकद कमी करावी का, आणि शेवटी खेळणाऱ्याला 'मेज की पहारेकरी' अशी निवड द्यावी का. मी चौदा वर्षं गेमच्या कथा लिहितोय, त्यातली चारेक वर्षं अशाच एका मेज प्रकरणात गेली, त्यामुळे जरा लांबण लागणार, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचा टेस्टर बरोबर बोलतोय. मला पहिल्यांदा कोणी हे तोंडावर सांगितलं तेव्हा मी दोन दिवस 'याला काही कळत नाही' म्हणून त्याच्या नावाने खडे फोडले होते, पण खोट त्याच्यात नव्हती, माझ्या लिखाणात होती. आपण डायलॉगमधून सांगत राहतो की बिचारे निष्पाप आहेत हो, आणि कटसीनमध्ये, म्हणजे मधल्या नुसत्या बघायच्या प्रसंगात, दाखवतो की हात नुसता फिरवला की अर्धा बाजार राख. मग खेळणारा कशावर विश्वास ठेवणार?

हे गंडतं कुठे ते बघायचं तर आधी खऱ्या प्रकरणाकडे जाऊ. १६९२ साली मॅसॅच्युसेट्सच्या सेलममध्ये चेटूक केलं म्हणून १९ जणांना फाशी दिलं, एका म्हाताऱ्याने कोर्टात गुन्हा कबूल किंवा नाकबूल काहीच म्हणायचं नाकारलं तर त्याला अंगावर दगड रचून चेचून मारलं. पुरावा काय, तर 'हिचं भूत माझ्याकडे आलं आणि मला चिमटे काढून गेलं'. कोर्टाने हा पुरावा चालवून घेतला! आणि मुद्दा हा की त्या एकोणीस जणांपैकी एकाकडेही जादू नव्हती, सगळा आरोपच हवेतला होता. आता आपण फँटसी गेम लिहायला बसलो की पहिल्याच पानावर काय करतो, तर तो आरोप खरा करून टाकतो. जादू आहे, भूतपिशाच्च आहे, आणि ते ह्याच माणसांच्या अंगातून येतं. म्हणजे जो खोटेपणा हा त्या सगळ्या छळाचा पाया होता तोच आपण काढून घेतला आणि वर म्हणतोय रूपक चालत का नाही.

यावर दोन सोपे उपाय लोक करतात. एक म्हणजे तुम्ही म्हणताय तसं मेजची ताकद काढून घ्यायची, म्हणजे मग ते कुणालाच धोका नाहीत. फायनल फँटसी १६ ने २०२३ मध्ये साधारण ह्या बाजूने जाऊन बघितलं. तिथे जादू घेऊन जन्मलेल्यांना बेअरर म्हणतात, तान्ह्या बाळाची परीक्षा घेतात, सापडलं तर आईबाप स्वतः सोपवून देतात, गालावर खूण डागतात आणि मग जन्मभर चूल पेटव, पाणी काढ, लढाईत पुढे हो अशी राबवणूक, आणि जादू वापरून वापरून त्या माणसाचं शरीरच हळूहळू दगड होत जातं. धोका वगैरे काही नाही, हवीत म्हणून धरून ठेवलीत आणि माणूस म्हणून मात्र नको आहेत. त्यात एक साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य कथेबाहेरची छोटी कामगिरी, आहे, छोटी मुलगी म्हणते माझी क्लोई हरवलीये शोधून द्या, ती बोलते असं की आपण कुत्रं नाहीतर मांजर शोधायला निघतो, आणि क्लोई निघते एक बेअरर बाई. मेलेली. पोरीला रागही नाही, दुःखही फारसं नाही, खेळणं मोडल्यासारखं नुसती हिरमुसते. मला तो अख्खा गेम विसरायला झाला तरी ती मुलगी विसरणार नाही, कारण द्वेष कुठेच नाहीये त्यात, नुसती सवय आहे.

पण ह्या वाटेचाही तोटा आहे. धोका पूर्ण काढला की खेळणाऱ्याला ठरवायला काही उरत नाही, समोर खलनायक आणि इकडे बिचारे, आणि त्या बिचाऱ्यांना सोडवायला कोणीतरी मोठा हिरो यायला लागतो. फायनल फँटसीतही नायक क्लाइव्ह राजघराण्यातलाच आहे, गालावर खूण डागली गेली म्हणून काय झालं.

दुसरा सोपा उपाय म्हणजे 'दोन्ही बाजू'. तो तर त्याहून वाईट, त्याच्याकडे नंतर येतो.

माझं म्हणणं तिसरंच आहे. मेज म्हणजे अमुक समाज असं समीकरण मांडूच नका, तिथे तुम्ही हरणारच, कारण कुठलाही खरा समाज हातातून आग काढत नाही आणि त्यांच्यातला कोणी तुमचा गेम खेळला तर त्याला 'तुम्ही आम्हाला बॉम्ब समजता का' असं वाटणं अगदी साहजिक आहे. रूपक बसवा ते भीतीच्या यंत्रणेवर. रजिस्टर, पास, हजेरी, खूण, पोरं उचलून नेणं, 'तुमच्याच भल्यासाठी' ही भाषा, ह्या गोष्टी खऱ्या जगात आणि तुमच्या गेममध्ये तंतोतंत सारख्या असू शकतात, आणि त्या सारख्या असायला मेज निरुपद्रवी असायची काही गरज नाही.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्यात अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या, नावनोंदणी, पोलिसांकडे हजेरी, गावाबाहेर जायचं तर पास, आणि हे रद्द व्हायला १९५२ उजाडलं. आता ह्या यंत्रणेला तुम्ही विचारा की धोका कुठे आहे दाखवा, ती रजिस्टर दाखवेल, एवढी नावं आहेत म्हणजे धोका असणारच ना. अमेरिकेत १९४२ साली जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास माणसांना घरं सोडायला लावून तारेच्या कुंपणाआड ठेवलं, त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते, आणि १९८३ मध्ये सरकारच्याच आयोगाने लिहून दिलं की कारण लष्करी गरज नव्हतं, कारण वंशद्वेष, युद्धाचा उन्माद आणि पुढाऱ्यांचा नाकर्तेपणा. पण १९४२ ला जो कारकून नावं लिहीत बसला होता तो काही राक्षस नसणार, त्याला तो त्या दिवसाचा कामाचा ढीग वाटला असेल. तुमच्या गेममध्ये हा कारकून आहे का? मला वाटतं नसेल. सगळ्यांच्या गेममध्ये चिलखत घातलेला क्रूर सरदार असतो, कारकून कोणाच्याच गेममध्ये नसतो.

आता धोका आणि यंत्रणा हे एकत्र कसं लिहावं ह्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण ड्रॅगन एज ओरिजिन्समधलं रेडक्लिफ गाव. गेम २००९ चा, बायोवेअरचा. त्या जगात मेजना सर्कल नावाच्या मनोऱ्यात ठेवतात, चँट्री म्हणजे तिथलं धर्मपीठ, त्याचे टेम्पलर पहारा देतात, प्रत्येक मेजचं थोडं रक्त बाटलीत भरून ठेवतात म्हणजे पळाला तर माग काढता येतो. शिकून झालं की परीक्षा, ती म्हणजे पिशाच्चांच्या स्वप्नलोकात एकट्याला पाठवायचं आणि बाहेर टेम्पलर तलवारी उपसून उभे, आत हरला तर इकडे मान उडवायची. बरं, ह्या जगात पिशाच्च खरंच आहे आणि ते खरंच मेजच्या अंगात शिरतं. म्हणजे तुमच्या टेस्टरचा प्रश्न तिथेही जसाच्या तसा उभा आहे.

रेडक्लिफमध्ये होतं काय, तिथल्या अर्लच्या, म्हणजे सरदाराच्या, छोट्या मुलात, कॉनरमध्ये, जादू दिसते. आई इसोल्ड घाबरते, कळलं तर पोरगं कायमचं नेतील, म्हणून लपवते आणि चोरून एक शिकवणारा ठेवते. तो शिकवणारा जोवन, सर्कलमधून पळालेला, आणि तो वाड्यात आलेला असतो राजकारणातल्या एका माणसाच्या सांगण्यावरून अर्लला विष घालायला. बाप मरणाला टेकतो, पोरगं बापाला वाचवायला पिशाच्चाशी सौदा करतं, आणि मग रोज रात्री वाड्यातून मुडदे उठून गावावर चालून येतात. गावातली कितीतरी माणसं मेलीयेत तुम्ही पोचेपर्यंत. आता बोला, कॉनर धोकादायक आहे का? आहेच की. शंभर टक्के आहे. पण तो धोका आला कुठून ते बघा, आईने लपवलं कारण नेतील, नीट शिकवता आलं नाही कारण लपवलं, मिळाला तो शिकवणारा असला कारण उघड बोलावता येत नव्हता. यंत्रणा म्हणते बघा आम्ही सांगत होतो मेज धोकादायक असतात, आणि तिचंच बोट धरून मागे मागे गेलं की तीच उभी दिसते. आणि हे कोणी भाषणात सांगत नाही हो, तुम्ही वाड्यातल्या माणसांशी बोलत बोलत स्वतः जोडता.

त्यातली निवडही बघण्यासारखी आहे. पोराला मारा, किंवा आईचा बळी देऊन रक्ताच्या जादूने पिशाच्चापर्यंत पोचा, किंवा सर्कलच्या मेजना मदतीला आणा. तिसऱ्या वाटेने दोघं वाचतात. म्हणजे मेजमुळे आलेल्या संकटावर उपाय मेजकडेच निघतो, आणि ते तुमच्या गळी कोणी उतरवत नाही. (तिसरी वाट फार स्वस्त पडते अशी टीका होते आणि ती मला पटते, जाऊन यायला दिवस लागतात तेवढ्यात गावाचं काहीतरी व्हायला हवं होतं. असो.)

त्याच गेममधले ट्रँक्विल हा दुसरा धडा. ज्या मेजवर भरवसा नाही त्याचा स्वप्नाशी असलेला धागाच तोडतात, जादूही जाते आणि भावनाही, कपाळावर सूर्याची खूण डागतात, आणि हीच माणसं मग मंतरलेल्या वस्तू बनवतात आणि दुकान सांभाळतात. मनोऱ्यात कत्तल चाललेली असताना तुम्हाला कोठारात एक ट्रँक्विल भेटतो, बाहेर जायची वाट बंद होती म्हणून तो परत आपल्या कोठारात येऊन कामाला लागलाय. अंगावर काटा येतो. लोबोटॉमी आठवते, मेंदूतले दुवे तोडून माणूस 'शांत' करायची शस्त्रक्रिया, जिच्यासाठी १९४९ साली नोबेलही दिलं होतं. पण लेखक म्हणून मला जास्त आवडतं ते हे की त्या माणसाकडून आपण खरेदी करतो. ह्या यंत्रणेचा पैसा कुठून येतो ते गेमने तुमच्याच हातून दाखवलं. आणि वर टेम्पलरांना चँट्रीने लिरियम नावाच्या जादुई खनिजाचं व्यसन लावून ठेवलंय, पुरवठा तिच्याच हातात, म्हणजे पहारेकऱ्याच्याही गळ्यात पट्टा. तुमचा मनोरा कोण चालवतो, खर्च कोण करतो, पहारेकरी नोकरी सोडू शकतो का, ह्याची उत्तरं तुमच्याकडे तयार नसतील तर मेजची ताकद कमीजास्त करून काही होणार नाही.

आता तो 'दोन्ही बाजू'वाला लोच्या. ड्रॅगन एज टू, २०११. कर्कवॉल शहर, मेज आणि टेम्पलर हाच गाभा, आणि तरी ओरिजिन्सपेक्षा तिथे हे रूपक जास्त सांडतं. रस्त्यात भेटेल तो दुसरा मेज रक्ताची जादू करणारा निघतो, तुमच्या आईला मारणाराही मेजच. तुमच्या गटातला मेज अँडर्स आख्खी चँट्री उडवतो, हे मला चालतं, त्याला कारण आहे, कित्येक वर्षांचा राग आहे, खेळणारे आजही त्यावरून भांडतात म्हणजे काम झालं. पण शेवट! टेम्पलरांची प्रमुख मेरेडिथ शापित मूर्तीमुळे वेडी झालेली निघते, आणि मेजचा प्रमुख ओर्सिनो, तुम्ही मेजच्या बाजूने लढलात तरी, मुडदे गोळा करून राक्षस होतो. कशासाठी? मला तरी तिथे बॉस फाइटची, म्हणजे शेवटी एका बलाढ्य शत्रूशी लढाई हवीच ह्याची, गरज सोडून काही दिसत नाही. आणि मेरेडिथला मूर्तीने वेडं केलं म्हटल्यावर यंत्रणा सुटलीच की, दोष मूर्तीचा. इतके तास जो प्रश्न खेळणाऱ्यापुढे ठेवला त्याचं उत्तर 'दोघंही वेडे होते' असं दिलं की त्याने जे काही ठरवलं होतं त्याची किंमत शून्य.

शिवाय त्याच गेममध्ये तुम्ही तुमचा नायक हॉक मेज म्हणून घेतलात तर पाठीवर काठी लावून टेम्पलरांच्या समोरून हिंडता, चौकात आगीचे गोळे टाकता, कोणी हटकत नाही. मेजचा छळ होतो हे सगळे सांगतात, खेळणाऱ्याच्या वाट्याला मात्र त्यातलं फार थोडं येतं. हे मी नावं ठेवायला सांगत नाहीये, आम्हीही हेच केलं होतं, त्याचं पुढे सांगतो.

अजून एक सापळा आहे जो फार कमी लोक बघतात. तुमच्या जगात पूर्वी मेजचं राज्य होतं, किंवा मेजची गुप्त मंडळी राजांना नाचवते, असं काही आहे का? ड्रॅगन एजमध्ये टेव्हिंटर आहे, तिथे मेज सत्तेवर आणि गुलाम बाळगतात, विचर ह्या गेममध्ये लॉज नावाची जादूगारणींची मंडळी खरोखर राजकारण खेळतं. कथेला मजा येते, नाही म्हणत नाही. पण खऱ्या जगात ज्यांचा छळ झाला त्यांच्याविरुद्ध हाच आरोप असायचा की हे दिसतात गरीब पण पडद्यामागून सगळं हेच चालवतात. ज्यूंच्या 'गुप्त कटा'चं ते बनावट दस्तऐवजाचं पुस्तक १९०३ साली रशियात छापलं गेलं, १९२१ मध्ये लंडनच्या टाइम्सने ते चोरून जुळवलेलं आहे हे दाखवून दिलं, तरी ते पसरत राहिलं आणि पुढे नाझींनी वापरलं. तुम्ही रूपक छळाचं करताय आणि कट मात्र खरा ठेवताय, तर नकळत कोणाचं पुस्तक तुम्ही खरं करताय ते एकदा बघा. टेव्हिंटर त्यातल्या त्यात सावरतं ते फेन्रिसमुळे, तो तिथून पळालेला गुलाम आहे, त्याची मेजबद्दलची चीड अनुभवातून आलेली आहे, ऐकीव नाही. विचर ३ मात्र एका ठिकाणी जबरदस्त खरं बोलतो. नोव्हिग्राडमध्ये राजा राडोविडच्या जोरावर मेजना जाळणं चाललंय, तुम्ही ट्रिस ह्या जादूगारणीला मदत करून मेजना जहाजाने बाहेर काढता, बरं वाटतं, आणि मग परत शहरात येऊन बघावं तर चिता विझलेल्या नाहीत, आता एल्फ आणि ड्वॉर्फ ह्या माणूस नसलेल्या जमातींची पाळी. सरपण बदललं एवढंच. मेज धोकादायक होते म्हणून हे चाललं होतं असं म्हणणाऱ्याला ह्याहून चांगलं उत्तर मी अजून पाहिलेलं नाही.

तर तुमच्या शेवटच्या निवडीबद्दल. 'मेज की पहारेकरी' असं फलक लावून विचारू नका. खेळणारा तिथे माणूस म्हणून उत्तर देत नाही, कुठला एंडिंग भारी आहे ते बघून देतो. त्याच्याऐवजी मधे मधे छोटे प्रश्न पेरा, ज्यात फायदा तोट्याचा हिशोब गुंतलाय. शेजारच्या पोराने झोपेत गोठा पेटवला, खबर दिली तर बक्षीस आहे. रजिस्टरमध्ये साक्षीदार म्हणून सही केली तर वेशीतून लवकर सोडतात. पहारेकऱ्याच्याच घरात जादू निघालीये आणि तो तुमच्याकडे आलाय. आणि नंतर त्याचा हिशोब कोणी भाषण न देता पुढे आणा.

आता आमचं प्रकरण, म्हणजे मेकॅनिककडे, गेम चालतो त्या नियमांकडे, वळतो, कारण सगळ्यात जास्त मी तिथे शिकलो. आमच्या गेममध्ये खेळणाऱ्याबरोबर फिरणाऱ्या गटात एक मेज पोरगी होती, हीलर, म्हणजे जखमा बऱ्या करणारी. छळ नुसता बोलण्यात नको म्हणून आम्ही प्रत्येक शहराच्या वेशीवर नोंदणीचं टेबल ठेवलं, ती बरोबर असेल तर थांबायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची, शहरात तिची जादू बंद, सराईत खोली मिळत नाही, गावाबाहेर झोपावं लागतं. आमची कल्पना अशी की खेळणारा चिडेल, यंत्रणेवर चिडेल. प्लेटेस्टला काय झालं, तर लोक वेशीच्या अलीकडेच तिला कॅम्पवर सोडून पुढे जायला लागले. सगळे नाही, पण भरपूर. आणि ह्यांना ती आवडत होती! एकजण तर म्हणाला की माझी सगळ्यात आवडती तीच आहे, फक्त तिला घेऊन फिरायला कटकट फार. आम्ही एकमेकांकडे बघत बसलो, कारण जे आम्ही पानंच्या पानं लिहून दाखवायचा प्रयत्न करत होतो ते ह्या माणसाने एका वाक्यात करून दाखवलं होतं, आणि त्याला पत्ताही नव्हता.

वरून निरोप आला की खेळणारे अडखळतायत, टेबलं काढून टाका. बरंच भांडून शेवटी फक्त राजधानीच्या वेशीवर एक टेबल राहिलं. मग मी एक गुपचूप काउंटर टाकून घेतला, तिला कितीवेळा मागे ठेवलं ते मोजणारा, आणि कॅम्पवरचं तिचं बोलणं त्याला जोडलं. पहिल्यांदा परत आलात की ती उठून विचारते, काय काय पाहिलंत, बाजार कसा आहे. पुढे पुढे नुसतं, आलात? आणि एका आकड्यानंतर ती काही विचारतच नाही, जखमा बांधते आणि जाऊन झोपते, स्क्रीनवर काही येत नाही, कुठला मेसेज नाही, पॉइंट कमी झाल्याचा आवाज नाही.

गेमच्या पुढच्या बिल्डला, म्हणजे पुढच्या चाचणी आवृत्तीला, टेस्टिंगकडून बगचं तिकीट आलं, 'हीलरचा कॅम्पवरचा डायलॉग ट्रिगर होत नाही, इतर कॅरेक्टरचा होतो'. खाली सेव्ह फाइल जोडलेली होती, उघडून काउंटर बघितला, एकवीस. तिकिटावर 'बरोबर चालतंय' असं लिहून मी ते बंद केलं.